राळ्याचा भाव

१६ जून १९७५

औरंगाबादचं दैनिक आजपासून पहिल्या एस.टी.नं यायला लागलं. आठ पानं, वर मोठा फोटो, आणि शाई हाताला लागत नाही. स्टँडवरच्या कचरूनं गठ्ठा सोडता सोडता मला एक अंक फुकट दिला. म्हणाला, अप्पाराव, पोटावर पाय देनाराचं तोंड तरी बघून घ्या. मी हसलो. पेपर विकणाऱ्या माणसाशी भांडून भागत नाही.

घरी येऊन शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. जालन्याची बातमी एकच, नगरपालिकेच्या सभेची, तीही शिळी. मोंढ्यातल्या धान्याचे भाव आहेत, पण परवाचे, आणि बाजरीचा चुकलेला. जीव भांड्यात पडला.

आमचा 'बाजारहाक' संध्याकाळी निघतो. एक ताव, दुमडून चार पानं. पहिल्या पानावर देशाच्या बातम्या, त्या मी रेडिओवरून घेतो. आमच्यासारख्या छोट्या पेपरांसाठी आकाशवाणी बातम्या सावकाश वाचते, एकेक वाक्य दोनदा, मास्तर शुद्धलेखन घालतात तसं. पण ते पान वाचतं कोण? गिऱ्हाईक पेपर हातात घेतलं की आधी उलटा करतं. मागच्या पानावर आजचा भाव असतो. शेवटच्या गाड्यांनी गठ्ठे जाफराबाद, भोकरदन, अंबडला जातात, तिथं पारावर कुणीतरी मोठ्यानं वाचतं, आणि उद्या गाडी जुंपायची का नाही हे त्या पानावर ठरतं.

हा भाव मी वही घेऊन आणत नाही. पेन्सिल दिसली की माणूस खोटं बोलायला लागतो. मी नुसता हिंडतो, कुठं चहा, कुठं सुपारी, आणि ऐकतो. हमालाच्या पोराला ही विद्या फुकट मिळते. डोक्यावर पोतं असलं की शेठ लोक त्याच्यासमोर काहीही बोलतात, जणू पोतंच चाललंय. दुपारी छापखान्यात येऊन पाशामियाँला तोंडानं सांगायचं, तो सरळ खिळे जुळवतो. मधे कागद नाही.

आणि पक्कं करायला रखमाजी. रखमाजी मापाडी, सगळा माल त्याच्या काट्यावरून जातो. मी ऐकलेला भाव त्याच्याजवळ पुटपुटतो, तो एकाला लाभ म्हणत 'लाभ, दोन, तीन' करत पोती मोजता मोजता मान हलवतो किंवा हलवत नाही. दोघांनी एका अड्ड्यावर हमाली केली आहे. अख्खा मोंढा मला अप्पाराव म्हणतो, तो अजून अप्पाच म्हणतो, आणि तूच म्हणतो.

औरंगाबादवाल्यांना रोटरी मशीन आणू दे नाहीतर विमानातून पेपर टाकू दे. आपलं मागचं पान खरं आहे तोवर बाजारहाक मरत नाही. ते खोटं झालं, तर मात्र पेपर कुणी पुडी बांधायलाही घेणार नाही.

२६ जून

आणीबाणी. रेडिओवर सावकाश वाचली, प्रत्येक वाक्य दोनदा. मी उतरून घेत होतो, पाशामियाँ पाठीमागं उभा. म्हणाला, "अप्पा, ये खबर दो बार कायको पढ़रे? एक बार में समझ गई ना."

३ जुलै

तालुक्यातल्या सगळ्या छापखानेवाल्यांना बोलावलं होतं. प्रूफ तपासायला एक साहेब नेमले आहेत. तरुण आहेत, वाचलेले आहेत, टेबलावर इंग्रजी पेपरांची चळत. एका साप्ताहिकवाल्याला त्यांनी कवितेतल्या 'काळोख' शब्दाचा अर्थ विचारला. तो बिचारा अमावस्या, अमावस्या म्हणत राहिला. माझी पाळी आली तर अंक चाळून म्हणाले, तुम्ही तर आकाशवाणीच छापता, तुमचं आम्हाला काय काम? मी म्हटलं, साहेब, आम्ही आधीपासूनच शिस्तीत आहोत. हसले. चहा मागवला.

रोज चार वाजता प्रूफ न्यायचं, शिक्का मारून आणायचं, मग मशीन सुरू करायची. बाकीचे मालक बाहेर येऊन घाम पुसत होते. मला तर वाटलं, एक वाचक पक्का झाला.

२० ऑगस्ट

साहेबांशी बरं जमलं आहे. त्यांना मोंढ्यातले किस्से आवडतात, मला सांगायला आवडतात. घरी बायको, द्वारकाबाई, विचारत होती की चारला जाता ते दिवेलागणीला का येता, शिक्का मारायला एवढा टाइम लागतो का. म्हटलं, ओळख वाढवणं हाही धंदाच.

८ ऑक्टोबर

नवी ज्वारी आली आणि साहेबांनी आज पहिल्यांदा मागच्या पानावर लाल रेघ मारली. ज्वारीचा भाव सरकारनं बांधून दिला आहे, खरेदीही सरकारी केंद्रावरच. मोंढ्यात आडून जे चालतं तो काळा बाजार, आणि तो भाव छापणं म्हणजे साठेबाजाला मदत. बांधलेला भाव छापा, नाहीतर ओळच काढा.

मी घासाघीस केली. बाकीचे भाव खरे ठेवू द्या, ज्वारीचा तुमचा. मान्य झालं. येताना वाटलं की सौदा बरा झाला.

९ ऑक्टोबर

कसला बरा. मोंढ्यात पाय ठेवला तर तातेराव अडत्यानं आठ-दहा जणांत हाक मारली आणि पेपर पुढं धरून म्हणाला, "अप्पाराव, ह्या भावानं दोन पोती ज्वारी मला आणून द्या. हमाली मी देतो. तुमाला सवय हाये उचलायची."

सगळे हसले. मीही हसलो. हमालीचं मला काही वाटत नाही, पण तो भावावर हसला ते लागलं. ह्या मुलखात लोक ज्वारी खातात. ज्वारीचा भाव खोटा म्हणजे सगळं पानच खोटं.

१३ ऑक्टोबर

जाफराबादचा गठ्ठा तसाच्या तसा परत आला. कंडक्टर म्हणाला, पारावर वाचनारा म्हन्ला की सरकारी भाव तर तलाठी फुकट सांगतो. कचरूच्या फळीवर बाजारहाक खाली आणि औरंगाबादचं वर, असं झालं आहे.

द्वारकाबाई म्हणते, बंद करा, पत्रिका-हँडबिलं छापून दोन जीवांचं भागतं. भागतं हो. पण लग्नपत्रिका छापून मला मोंढ्यात कोण विचारील?

१७ ऑक्टोबर

सापडलं. दाढी करताना सापडलं.

राळा! हे बारीक धान्य इकडं आता कोण पेरतं? म्हाताऱ्या माणसांना चव आठवते तेवढीच. मोंढ्यात राळ्याचं पोतं येऊन जमाना झाला. सरकारनं राळ्याचा भाव बांधलेला नाही, कारण सरकारला राळा ठाऊकच नाही. मग आजपासून ज्वारीच्या ओळीत सरकारी भाव, आणि खाली, गुळाच्या नंतर, 'राळा' म्हणून ज्वारीचा खरा भाव.

रखमाजीला काट्याजवळ सांगितलं तर मोजता मोजता चुकला, आणि तो कधी चुकत नाही. हसून हसून पोत्यावर बसला. म्हणाला, "अप्पा, तू हमालच राह्यला असता तर अख्खा मोंढा पळवून नेला असता. बराबर हाये. भाव मी देतो. ज्वारीचं पोतं कुठून बी निघू दे, वजनाला मलाच बलावत्यात."

संध्याकाळी साहेबांनी शिक्का मारला. राळ्यावरून त्यांची नजर अशी गेली जशी माझी इंग्रजीवरून जाते.

४ नोव्हेंबर

दिवाळी. गठ्ठे वाढवावे लागले. कुणालाही काही समजावून सांगावं लागलं नाही, हेच नवल. गावोगाव आपोआप कळलं. काल एक म्हातारी स्टँडवर कचरूला विचारत होती, राळा काय म्हनतो रे बाबा आज? पाशामियाँ कुरकुर करतो की पंधरा दिवसांत ळ झिजला, नवे खिळे मागवा.

साहेब आज फराळाला घरी आले होते. चकली खाताखाता पेपरांचं पुढं काय होणार यावर बोलले. त्यांचं म्हणणं, दहा-वीस वर्षांत मोठे पेपर आणि रेडिओ राहतील, तुमच्यासारखे गावठी पेपर जातील. रेडिओ आता गावोगावचे बाजारभावही सांगणार आहे, तेही फुकट. मी म्हटलं, साहेब, रेडिओ सांगतो, पण रेडिओ ऐकत नाही. ऐकणारा माणूस लागतो. ते म्हणाले, वा, हे लिहून घ्यायला पाहिजे. मला फार बरं वाटलं.

द्वारकाबाईनं त्यांना अनारसा वाढला नाही. नंतर विचारलं तर म्हणाली संपले. डब्यात होते.

२१ नोव्हेंबर

आज जरा वाकडं झालं होतं, पण निस्तरलं.

साहेबांनी प्रूफ बाजूला ठेवलं आणि विचारलं, राळा म्हणजे काय? मी म्हटलं, बारीक धान्य आहे, उपासाला बरं, पाखरांनाही घालतात. ते म्हणाले, मुंबईहून विचारणा आहे की जालन्याला पाखरांचं खाणं गव्हापेक्षा महाग कसं. मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, अप्पाराव, मी तुमच्या घरी फराळ केलाय. मला वर काहीतरी उत्तर द्यावं लागेल. नाहीतर उद्या छापखान्याला कुलूप लावायला मीच येईन, आणि मला ते आवडणार नाही. हा भाव तुम्हाला कोण सांगतं?

मी म्हटलं, मोंढ्यात कानावर येतो. कुणाच्या तोंडून? म्हटलं, मापाडी असतात. कोणता मापाडी? तेवढ्यात चहा आला. पोऱ्या जाईपर्यंत ते थांबले. मी रखमाजीचं नाव सांगितलं.

विचार करून सांगितलं. अडत्याचं नाव दिलं असतं तर त्याच्या गोदामावर धाड आली असती, घर बसलं असतं. मापाड्याकडं काय आहे? ना साठा, ना दुकान. काटासुद्धा त्याचा नाही. विचारतील, हा म्हणेल मला काय ठाऊक, आणि सोडून देतील. साहेबांना वर पाठवायला एक नाव पाहिजे होतं, ते मिळालं. शिक्का मारला. राळ्याची ओळ तूर्त राहू द्या म्हणाले.

चहात साखर जास्त होती.

२५ नोव्हेंबर

रखमाजी काट्यावर नाही. दुसराच एक मापाडी उभा आहे, त्याला मोजायची लय नाही. विचारलं तर म्हणाला, ठाण्यावर बलावलंय. वाटलंच होतं. दोन दिवसांत येईल.

भाव मात्र अंदाजानं टाकावे लागले.

१ डिसेंबर

चांगुणाबाई आली होती, रखमाजीची बायको. उंबऱ्याच्या आत आली नाही. ठाण्यातून त्याला जिल्ह्याच्या जेलात नेलं आहे, खटला नाही, तारीख नाही, भेट नाही. साठेबाजांना सामील असं काही म्हणतात. ज्याच्या घरात पायली धान्य एका वेळेला नसतं तो साठेबाज!

"अप्पाभाऊ, तुमचं त्या साह्यबापाशी बसनं-उठनं हाये. येक शब्द टाका. त्यो म्हनायचा, अप्पा हाये तवर मला भ्या न्हाई."

शब्द टाकतो म्हणालो. द्वारकाबाईनं तिच्या पदरात ज्वारी घातली, माझ्याकडं न बघता.

२ डिसेंबर

शब्द टाकला. साहेब म्हणाले, आता माझ्या हातात राहिलं नाही. पण बघू.

६ डिसेंबर

मोंढ्यात मंदी आहे. आवाजच नाही. पूर्वी मी नळाजवळून शिरलो तर तातेरावाच्या गादीपर्यंत चार भाव कानात पडायचे. आता मोठ्यानं बोली लावून हर्रास होतो तोही घाईघाईत, आणि बाकीचे सौदे लोक पुन्हा रुमालाखाली करू लागले आहेत. बाजार समितीनं हे कधीचं बंद केलं होतं. दोघांनी हातावर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं दाबायची. बोट दाबलं तर ऐकू काय येणार? आज तुरीचा सौदासुद्धा रुमालाखाली चालला होता. तुरीला काय सरकारी बंधन आहे? आणीबाणीनं माणसं फार भित्री केली.

मी गेलो की तातेराव खुर्ची देतो, चहा सांगतो. गप्पा पावसाच्या, थंडीच्या. पूर्वी हाच माणूस चहा न पाजता सगळं सांगायचा.

मला दुसरीच शंका येते. वय झालं. कान तर गेले नाहीत?

१० डिसेंबर

औरंगाबादला जाऊन कानाच्या डॉक्टरला दाखवलं. त्यानं तो दोन दांड्यांचा चिमटा वाजवून एकदा कानाजवळ, एकदा हाडावर धरला. मग मागं जाऊन कुजबुजत आकडे म्हणाला, मी ते सगळे सांगितले. म्हणाला, विशीतले कान आहेत, काय करता आपण? सांगितलं पेपर चालवतो.

येताना गाडीत बसल्या बसल्या पुढच्या तीन बाकांवरचं बोलणं ऐकू येत होतं. एकाच्या म्हशीचं, एकाच्या मेव्हण्याचं. मग मोंढ्यातच काय होतं?

११ डिसेंबर

द्वारकाबाईला डॉक्टरचं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "कानाला काय झालंय तुमच्या? तुमी आले का लोकं बोलायचं थांबत्यात. नळावर बाया बी मला बघून थांबत्यात. रखमाजीचं नाव कुनी सांगितलं ते त्या ठाण्यातल्या पोलिसानंच रखमाजीच्या मेव्हण्याला सांगितलंय. समद्या मोंढ्याला ठाव हाये. चांगुणाबाईला बी."

मी म्हटलं, तिला ठाऊक असतं तर माझ्याकडं आली असती का? ती म्हणाली, "मंग कुनाकडं जाईल? ज्यानं कुलूप लावलं, किल्ली त्याच्याकडंच आसंल ना."

जेवलो नाही. बायकांना बाहेरचं अर्धं कळतं. मी त्या वेळी नाव दिलं नसतं तर आज छापखाना असता का? पाशामियाँचं घर चाललं असतं का? हे कुणी विचारत नाही.

१५ डिसेंबर

प्रूफ नेताना ठरवून गेलो होतो की राळ्याची ओळ काढून टाकायची. रखमाजी नाही, कुणी काही सांगत नाही, मी अंदाज ठोकतो आहे. साहेबांना तसं सांगितलं. वाटलं, त्यांना आनंद होईल.

ते म्हणाले, "ओळ काढायची नाही. तीच तर एक ओळ आहे जिच्यावर लोकांचा विश्वास आहे. भाव आता मी देत जाईन."

आधी समजलं नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं, अगदी गोडीनं. गावोगाव लोकांनी ज्वारी पेवात दाबून ठेवली आहे, भाव चढेल म्हणून. खरेदी केंद्राचा कोटा पुरा होत नाही. सरकारी भाव छापून, दवंडी पिटून लोक ऐकत नाहीत. पण बाजारहाकमध्ये राळा उतरू लागला, रोज थोडा थोडा, तर माणूस घाबरेल आणि माल बाहेर काढील. हे देशाचं काम आहे अप्पाराव. आणि केंद्राचा कोटा पुरा झाला की वातावरण निवळेल. तुमचा तो मापाडी, त्याच्या सुटकेच्या कागदावर मी वरून सही घ्यायला जाऊ शकेन.

मी म्हटलं, आणि मी नाही म्हटलं तर? त्यांनी माझ्यापुढं बशी सरकवली. म्हणाले, बिस्किट घ्या.

म्हणजे असं. ओळ खोटी छापली तर पेपर आतून मेला. नाही छापली तर कुलूप, आणि रखमाजी आत. पोत्याखाली दबलेला हमाल हलू शकत नाही, त्यानं ओरडलं तर छाती आणखी दबते. मी एकदा तसा दबलो होतो तेव्हा रखमाजीनंच पोतं ओढलं होतं.

१६ डिसेंबर

साहेबांनी दिलेला भाव पाशामियाँला सांगितला. त्याचा हात खिळ्यांच्या घरावर थांबला. "इत्ता गिर गया, अप्पा?" म्हटलं, हौ, गिर गया. त्यानं जुळवला. नंतर बराच वेळ नुसते हात पुसत होता.

रखमाजीसाठी छापतो आहे. हे इथं लिहून ठेवतो.

१९ डिसेंबर

रोज उतरवतो आहे. आज स्टेशनकडून येताना सरकारी खरेदी केंद्रासमोर बैलगाड्यांची रांग लागलेली. जाफराबादकडचे, भोकरदनकडचे. बैल सोडलेले, माणसं जोत्याला टेकून बिड्या ओढत होती. मी बाजूला उभा राहिलो.

आणि ऐकू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माणसं माझ्यासमोर मोकळी बोलत होती. ती परगावची, मला ओळखत नव्हती. एक म्हणत होता, राळा तीन दिस झालं पडून राह्यलाय, उद्या आनिक पडंल. दुसरा म्हणाला, म्या तर लेकीच्या लग्नाला ठेवली व्हती, पन आता काय, भाव राह्यला न्हाई तर पेवात किडेच पडतील. एक पागोटेवाला म्हातारा, त्याला शंका होती. असा एकदम कसा पडला, पाऊस तर कमीच आल्ता. तर त्याचा मुलगा त्याच्यावर खेकसला. म्हणाला, आबा, बाजारहाकवाला खोटं छापत न्हाई, तलाठी सांगंल खोटं, त्यो न्हाई.

म्हातारा माझ्याकडं वळून म्हणाला, "पाव्हनं, तुमी हितलेच दिसता. खरंय का वो?"

मी नुसती मान हलवली. हो म्हणून हलवली का नाही म्हणून, ते मलाही सांगता येणार नाही. म्हातारा म्हणाला, बरं मंग, आणि रांगेत गाडी पुढं घेतली.

२३ डिसेंबर

रखमाजी सुटला. साहेबांनी शब्द पाळला.

तो स्वतःच छापखान्यात आला. दाढी पांढरी होऊन आली आहे. पाशामियाँ उठून त्याच्या गळ्यात पडला. मी खुर्ची पुढं केली, तो बसला नाही. म्हणाला, चांगुणा म्हनत व्हती, अप्पानं सोडवलं. मी म्हटलं, अरे, काहीतरी करायलाच पाहिजे होतं. माझाच आवाज मला पोकळ वाटला.

तो खिळ्यांच्या घराजवळ उभा राहून कालचा अंक बघत होता. त्याला वाचता येत नाही, पण भावाच्या ओळी कुठं असतात ते ठाऊक आहे. राळ्याच्या ओळीवर बोट ठेवलं आणि पाशामियाँला विचारलं, ही का? पाशामियाँनं मान हलवली आणि मागच्या दारानं बाहेर गेला.

मग रखमाजी मला म्हणाला, अगदी सावकाश, काट्यावर बोलतो तसं. "माज्या भनीचा जावई जाफराबादहून गाडी घिऊन आल्ता. ह्याच वळीवर इश्वास ठिवून समदी ज्वारी घालून गेला केंद्रावर. हितं मोंढ्यात भाव जागचा हाललेला न्हाई. मी आत व्हतो अप्पाराव. मंग राळ्याचा भाव तुमाला कुनी सांगितला?"

 तो उत्तराला थांबला नाही. जाताना अंकाची घडी नीट करून टेबलावर ठेवून गेला.

२४ डिसेंबर

सकाळी रेडिओवर सांगितलं की लवकरच बाजारभाव रोज प्रसारित होतील. मी नेहमीसारखं उतरून घेतलं. साहेब खरं बोलले होते, आमच्यासारखे पेपर जातील. मी मात्र समजत होतो की औरंगाबादचं दैनिक किंवा रेडिओ मारील. ते दोघं तर अजून वाटेतच होते.

दुपारी साहेबांच्या शिपायानं आजचा भाव आणून दिला. आणखी उतरलेला. केंद्रासमोरची रांग नाक्यापर्यंत गेली आहे असं तो कौतुकानं सांगत होता.

पाशामियाँ खिळे घेऊन उभा राहिला. मी एकेक ओळ सांगत गेलो. बाजरी, तूर, करडई, सरकी. हे भाव मला आज मोंढ्यात हर्रासाजवळ उभं राहून, सगळ्यांच्या पाठी बघत बघत मिळाले, पण खरे आहेत. ज्वारीची ओळ काढ म्हणालो. गूळ सांगितला. मग तो म्हणाला, "राळा?"

म्हटलं, राळा, आवक नाही.

त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. म्हटलं, जाड खिळ्यांत घे.

खोटं त्यात काही नाही. जालन्याच्या मोंढ्यात राळा आलेलाच नाही, साहेबांना तपासून घेऊ दे. पण जाफराबादच्या पारावर वाचणाऱ्याला कळेल की ह्या पेपरला आता कुणी भाव सांगत नाही, आणि उद्याची गाडी तो जुंपणार नाही. प्रूफ साहेबांनी पास केलं तर. नाही केलं तर पारावर पोचवायला पाशामियाँनं चार प्रती आधीच काढल्या आहेत, त्या त्यानं कुठं ठेवल्या, हे मी विचारलेलं नाही. रखमाजीला पुन्हा नेतील का, हा विचार मात्र सकाळपासून छातीवर बसला आहे. त्याला निरोप पाठवला होता की दोन दिवस बहिणीकडं जा. त्यानं उलट निरोप दिला, काटा सोडून कुठं जात न्हाई.

पावणेचार झाले. द्वारकाबाईनं प्रूफ पिशवीत घालून दिलं. पिशवी जड लागली म्हणून बघितलं तर खाली बदलायचा सदरा, धोतर आणि पंचा. ती म्हणाली, थंडी पडलीय, अंगावर घोंगडी पन घ्या.

घेतली.